नवी रायफल, पहिला रविवार: रेंजवर येण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसऱ्याच्या मुहूर्तावर ठरवलेली रायफल दिवाळीनंतर हातात येते, डिसेंबरचा गारठलेला रविवार उजाडतो आणि माझा फोन सकाळी सहापासून वाजायला लागतो. ‘ताई, नवीन रायफल आलीय, आज घेऊन येऊ का?’ मी अठरा वर्षांपासून नेमबाजी करते आणि त्यातली नऊ वर्षं नागपुरातच रविवारी नवख्यांना शिकवते. प्रश्न वर्षानुवर्षं तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. एअर रायफल, एअर पिस्तूल आणि पॉइंट टू टू (म्हणजे .२२ बोअरची, काडतुसाची रायफल) एवढ्यांपुरतीच ही उत्तरं आहेत.

पहिल्या दिवशी किती स्कोअर यायला हवा?

स्कोअर मोजूच नका. पहिल्या दिवशी फक्त ग्रुप बघायचा. पाच गोळ्या एकाच ठिकाणी निशाणा धरून मारा आणि त्या एकमेकींपासून किती दूर पडल्या ते पाहा. पाचही गोळ्या खाली डावीकडे सातच्या रिंगणात, पण एकमेकींना चिकटून पडल्या असतील, तर दिवस उत्तम गेला असं समजा. रायफल तुमच्याशी खरं बोलते आहे, साइट, म्हणजे नळीवरचं नेम धरायचं साधन, फिरवणं हे दोन मिनिटांचं काम. उलट एक दहात, एक सहात, एक आठात असं विखुरलं असेल, तर मधली दहा हा निव्वळ योगायोग असतो. हे कळायला मला स्वतःला दोन हिवाळे लागले.

दहा मीटर एअर रायफलच्या कागदावर दहाचा ठिपका फक्त ०.५ मिलिमीटरचा असतो, आणि पेलेटची, म्हणजे एअर रायफलच्या छोट्या गोळीची, जाडी ४.५ मिलिमीटर. म्हणजे ठिपका पेलेटपेक्षा कितीतरी लहान. एवढ्या बारीक ठिपक्यावर अनोळखी रायफलने पहिल्याच दिवशी अपेक्षा ठेवली, की माणूस हिरमुसतो आणि रायफलला दोष देत बसतो.

किती वाजता येऊ? लवकर आलेलं बरं ना?

साडेआठच्या आधी येऊ नका. डिसेंबर-जानेवारीत नागपूरचं पहाटेचं तापमान आठ-दहा अंशांवर येतं. २९ डिसेंबर २०१८ ला तर ते ३.५ पर्यंत उतरलं होतं. ५० मीटरच्या मोकळ्या रेंजवर तेव्हा धुकं असतं आणि लक्ष्याचा काळा गोल राखाडी, फुगलेला दिसतो. त्यापेक्षा मोठी अडचण बोटांची. गारठलेल्या बोटाला ट्रिगरचा पहिला टप्पा कळत नाही. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरचं वजन नियमाने किमान ५०० ग्रॅम असावं लागतं. हा अर्ध्या किलोचा दाब बधिर बोटाला जाणवतच नाही, आणि नको तेव्हा गोळी सुटते. हातमोजे घालून या, खिशात हात ठेवून वीस मिनिटं नुसतं बसा. कोणी पोरगं कुडकुडत फायरिंग पॉइंटवर उभं राहिलं, की आमचे जुने रेंज ऑफिसर म्हणतात, ‘काहून घाई करून राहिला बाप्पा? आधी हात शेक, मंग रायफल धर.’

थंडीचा रायफलवर खरंच परिणाम होतो, की ते निमित्त आहे?

होतो, आणि तो समजून घेतला तर पहिला दिवस वाया जात नाही.

आधी एअर रायफल. हल्लीच्या बहुतेक स्पर्धेच्या रायफलींत दाबलेल्या हवेचा सिलिंडर असतो आणि तो साधारण २०० बारपर्यंत भरतात. हवा गार झाली की दाब उतरतो. दुपारी ३० अंशांत २०० बारवर भरलेला सिलिंडर सकाळी १० अंशांत सुमारे १८७ दाखवतो. दर हिवाळ्यात दोघंतिघं तरी ‘सिलिंडर गळतोय’ म्हणून घाबरून फोन करतात. गळत नाहीये, गार झालाय. भरताना घाई केली तरी असाच भास होतो. झटक्याने भरलेली हवा तापते, काटा २०० वर जातो आणि अर्ध्या तासाने खाली येतो. म्हणून सावकाश भरा, निवू द्या, मग आकडा बघा. चांगल्या रायफलींत दाब एकसारखा ठेवणारा रेग्युलेटर असतो, त्यामुळे काटा थोडा खाली आला तरी गोळीचा वेग बदलत नाही.

पॉइंट टू टूची गोष्ट वेगळी. तिच्या गोळीवर मेणासारखं वंगण असतं, ते थंडीत ताठरतं. काडतुसातली दारूही गार पडल्यावर थोडी मंद जळते. वर हवा दाट. तिन्हींचा मिळून परिणाम असा, की गोळी किंचित खाली बसते. सकाळी नऊला केलेलं झिरो, म्हणजे गोळी नेमक्या जागी पडेल अशी जुळवलेली साइट, दुपारी बाराला हललेलं दिसतं ते यामुळे. माझा शिरस्ता असा: नव्या पॉइंट टू टूचं झिरो अकरानंतर करायचं आणि वहीत तापमान लिहायचं. गोळ्यांची डबी आतल्या खिशात ठेवणारे जुने नेमबाज तुम्हाला दिसतील. ते ती उगाच ठेवत नाहीत.

एअर रायफलला परवाना लागतो का?

४.५ मिलिमीटर म्हणजे पॉइंट वन सेव्हन सेव्हन बोअरची आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेली एअर रायफल किंवा एअर पिस्तूल असेल तर लागत नाही. दहा मीटर स्पर्धेची रायफल साधारण अर्ध्या ग्रॅमचं पेलेट सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगाने सोडते, म्हणजे ऊर्जा सातआठ ज्यूल. ती मर्यादेच्या बरीच आत आहे. तरीही खरेदीचं बिल आणि ओळखपत्राची प्रत रायफलच्या पेटीत कायम ठेवा. रस्त्यात कोणी विचारलं, तर कागद दाखवून पाच मिनिटांत सुटता येतं.

आणि पॉइंट टू टूला?

ते अग्निशस्त्र आहे. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम पूर्णपणे लागू. नागपूर शहरात परवान्याचा अर्ज पोलीस आयुक्तालयात करायचा, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला, आणि एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रं असा नियम आला, आधी तीन चालत. मान्यताप्राप्त क्रीडा नेमबाजांना वेगळी सवलत आहे, पण ती तुमच्या खेळातल्या दर्जावर ठरते, नुसत्या सभासदत्वावर नाही.

रेंजवर येताना मूळ परवाना सोबत हवा, मोबाईलमधला फोटो चालणार नाही. परवान्यावर शस्त्राचा क्रमांक चढलेला हवा. क्रमांक चढायचा बाकी आहे पण हौस दांडगी आहे, अशा अवस्थेत कोणी आलं तर आम्ही फाटकावरूनच परत पाठवतो. यावर वाद घालू नका.

रायफल आणायची कशी? आमच्याकडे फक्त ॲक्टिव्हा आहे.

कुलूपबंद पेटीत, मोकळी, बोल्ट (गोळी भरायची जागा बंद करणारा खटका) उघडा आणि गोळ्या वेगळ्या डब्यात. दुचाकीवर पाठीला लावून आणू नका. खड्ड्यात गाडी आदळली की साइटला धक्का बसतो, आणि सिग्नलवर शंभर लोक वळून बघतात ते वेगळंच. मेट्रोनेही येऊ नका, शस्त्र आत नेऊ देत नाहीत. रिक्षा करा, नाहीतर रेंजच्या ग्रुपवर सांगा. सीताबर्डी, धरमपेठ, मानेवाडा या बाजूंनी कोणी ना कोणी गाडी घेऊन येतंच.

हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत सिव्हिल लाइन्सकडून येणं टाळा. विधानभवनाच्या आजूबाजूला नाकाबंदी, मोर्चे आणि जागोजागी तपासणी असते. तुमचे कागद चोख असतील, तरी पोलिसांचा आणि तुमचा दोघांचाही तास जातो.

पहिल्यांदा वापरण्याआधी पूजा करायची आहे. हळदकुंकू लावलं तर चालेल?

पूजा जरूर करा. आमच्याकडेही खंडेनवमीला सगळी शस्त्रं मांडतो, मला तो दिवस फार आवडतो. फक्त ओलं हळदकुंकू नळीला, बोल्टला किंवा साइटला लावू नका. ओल धरून राहते आणि आठवड्याभरात त्याच बोटाच्या आकाराचा गंजाचा डाग उमटतो. एका सभासदाच्या नव्या कोऱ्या नळीवर तो डाग मी पाहिला आहे, घासूनही गेला नाही. गंध पेटीला लावा, फूल दस्त्यावर ठेवा आणि नारळ चार हात लांब फोडा.

पेटी उघडल्यावर सर्वात आधी काय करायचं?

पेटी फायरिंग पॉइंटवरच, नळीचं तोंड लक्ष्याकडे येईल अशी ठेवून उघडायची. बोल्ट उघडा, ब्रीच, म्हणजे नळीचं मागचं, गोळी भरायचं टोक, डोळ्यांनी बघा, मग सेफ्टी फ्लॅगची केशरी दोरी नळीत घाला. ती ब्रीचपासून तोंडापर्यंत आरपार दिसली, की शेजारच्यालाही लांबून कळतं की रायफल मोकळी आहे. एवढं झाल्याशिवाय रायफल टेबलावरून उचलायची नाही.

दोन वर्षांपूर्वीचा जानेवारीतला रविवार मला अजून जसाच्या तसा आठवतो. चौदा वर्षांचा मुलगा, नवी एअर रायफल, सोबत कौतुकाने आलेले वडील. मुलगा पॉइंटवर उभा राहिला, रायफल खांद्याला लावली आणि वडिलांनी मागून मोबाईल काढून हाक मारली, ‘बेटा, इकडे बघ!’ मुलगा बघायला वळला. खांद्याला लावलेली रायफलही त्याच्यासोबत वळली. नळीचं तोंड शेजारच्या लेनवरून, बाकावर बसलेल्या दोन मुलींवरून, माझ्यावरून फिरत वडिलांच्या छातीवर येऊन थांबलं. रायफल मोकळी होती. मी ‘स्टॉप’ ओरडले आणि अख्खी रेंज थांबली. वडील म्हणाले, ‘नुसती एअर रायफल तर आहे जी ताई.’ मी त्यांना लक्ष्याच्या मागे लावलेला पत्रा दाखवला. त्यावर पेलेटनी पाडलेले खळगे होते. त्यांनी खळग्यावरून अंगठा फिरवला, मग मुलाकडे बघितलं आणि मोबाईल खिशात ठेवला. तो मुलगा आज आमच्याकडचा सर्वात शिस्तीचा नेमबाज आहे.

त्या दिवसापासून फोटोचा नियम केला. फोटो सराव संपल्यावर, रायफल टेबलावर, फ्लॅग घातलेली, आणि माणूस तिच्या मागे उभा.

दुकानदाराने ‘झिरो करूनच दिलीय’ असं सांगितलं. मग परत करायची गरज आहे का?

आहे. डोळा, गाल टेकवायची पद्धत, गोळी आणि हवा, चारही तुमची. दुकानदाराचं झिरो दुकानदाराचं.

माझी पहिली पॉइंट टू टू आली तेव्हा हेच वाक्य मला विक्रेत्याने सांगितलं होतं आणि मी त्यावर विश्वास ठेवला. पहिल्या पाच गोळ्या वर उजवीकडे गेल्या. मी साइट चार क्लिक (साइटच्या बटणाचे खाचे) डावीकडे घेतली, तर पुढच्या गोळ्या खाली. चार क्लिक वर घेतली, तर परत उजवीकडे. दोन तास आणि पन्नासच्या दोन डब्या संपल्या. पॉइंट टू टूच्या गोळ्या इथे सहज मिळत नाहीत, एकेक जपून वापरावी लागते. त्या दिवशी मला रडू आलं. शेवटी माझ्या गुरूंनी रायफल हातात घेतली, साइटकडे पाहिलंसुद्धा नाही. दस्ता आणि नळी जोडणारा स्क्रू त्यांनी ॲलन कीने फिरवला, तो अर्धा वळसा सैल होता. दर गोळीला रायफल दस्त्यात किंचित सरकत होती. स्क्रू आवळून पुढच्या पाच गोळ्या मारल्या, तर पाचही एक रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जातील इतक्या जवळ.

तेव्हापासूनचा क्रम असा आहे. आधी सगळे स्क्रू तपासायचे, आवळण्याचं माप माहितीपुस्तिकेत असतं, जोर लावायचा नाही. मग नळीतून कोरडं कापड ओढायचं, कारण कारखान्यातून येताना आत तेल असतं आणि तेलकट नळीतल्या पहिल्या गोळ्या कुठेही जातात. पॉइंट टू टूला साफ केल्यावर दहावीस गोळ्या लागतात सावरायला. मग पाच-पाचचे तीन ग्रुप, साइटला हात न लावता. तिन्ही एकाच जागी पडले तरच क्लिक फिरवायची. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. साइट बदलली तर गालाची पट्टी तशीच ठेवा, पट्टी बदलली तर पेलेट तेच ठेवा. दोन गोष्टी एकदम बदलल्या, की कशामुळे काय झालं हे तुम्हाला कधीच कळणार नाही. क्लिक किती आणि कुठल्या बाजूला, हे लगेच वहीत लिहा. मनात ठेवलेल्या क्लिक पाचव्या ग्रुपला विसरतात.

जुनी एअर रायफल विकत घेतली आहे. काही वेगळं बघायचं?

सिलिंडरवर कोरलेली तारीख बघा. हवेच्या सिलिंडरचं आयुष्य दहा वर्षं धरतात आणि स्पर्धेतही त्यापुढचा चालत नाही. तारीख उलटलेला सिलिंडर आम्ही रेंजवर भरून देत नाही, कितीही चकचकीत दिसला तरी.

कोणतं पेलेट घेऊ?

पहिल्या दिवशी एकच डबी. पेलेट ४.४९, ४.५०, ४.५१ अशा मापांत येतात आणि प्रत्येक नळीची आवड निराळी असते, पण ती शोधायची वेळ नंतर येते. तुमचा हात स्थिर झाल्याशिवाय पेलेटची परीक्षा घेण्यात अर्थ नाही.

घरी नुसतं ट्रिगर दाबून सराव केला तर रायफल बिघडते का?

एअर रायफलला त्यासाठी ड्राय फायरची सोय असते, ती लावून रोज अर्धा तास करा. खर्च शून्य, फायदा मोठा. पॉइंट टू टूला मोकळ्या चेंबरवर ट्रिगर दाबू नका. तिची पिन काडतुसाच्या काठावर आदळते, आत काडतूस नसेल तर ती थेट नळीच्या कडेवर आपटून खळगा पाडू शकते. वापरून झालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी किंवा प्लास्टिकचं नकली काडतूस घाला.

ट्रिगर दाबला आणि गोळी सुटलीच नाही तर?

नळी लक्ष्याकडे तशीच धरा, मनात तीस आकडे मोजा, मगच बोल्ट उघडा. दारू कधीकधी उशिरा पेटते. हात वर करून रेंज ऑफिसरला बोलवा, यात लाज कसली.

आवाज नेहमीपेक्षा दबका आला, ‘फुस्स’ झालं, तर मात्र पुढची गोळी अजिबात भरू नका. आधीची नळीत अडकलेली असू शकते, आणि तिच्यावर दुसरी गोळी मारली तर नळी फुगते किंवा फाटते. बोल्ट काढून नळी आरपार दिसते का ते बघायचं, तेही आमच्यापैकी कोणी जवळ असताना.

नवी वस्तू बिघडली म्हणून निराश होऊ नका. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरी चालू असतानाच बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला आणि अंतिम फेरी हुकली. २०२४ ला पॅरिसमध्ये त्याच दहा मीटर एअर पिस्तुलात तिने कांस्यपदक घेतलं.

एअर रायफललाही कानात काही घालायचं का?

आवाज कमी असतो, तरी घाला. बंद हॉलमध्ये बारा जण मारत असतात. पॉइंट टू टूला सक्ती आहे, तिचा आवाज १४० डेसिबलच्या आसपास जातो. गोळी न मारणाऱ्या, मागे बसलेल्या आईवडिलांनाही ही सक्ती आहे.

मित्र सोबत आहे. त्याला माझ्या रायफलने दोन गोळ्या मारू देऊ का?

एअर रायफल असेल तर रेंज ऑफिसरला विचारून, त्याला नियम समजावून झाल्यावर. परवान्याची पॉइंट टू टू असेल तर नाही. परवाना तुमच्या नावाचा आहे, मैत्रीचा नाही. मित्राला खरंच शिकायचं असेल तर त्याने सभासद व्हावं, क्लबच्या रायफली आहेत. आणि गाडीत परत जाताना, लग्नाच्या वरातीत, नव्या वर्षाच्या रात्री हवेत गोळी झाडायचा विचार कोणाच्या मनात येत असेल, तर तो आताच काढून टाका. २०१९ पासून अशा आनंदाच्या गोळीबारालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत.

मुलगी बारा वर्षांची आहे. ती येऊ शकते का?

हो. परवाना एकविसाव्या वर्षाआधी मिळत नाही, पण बारा वर्षांपुढच्या मुलांना प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सराव करता येतो. सुरुवात एअर रायफलनेच, आणि आधी दोन आठवडे टेबलावर टेकवून. स्पर्धेची रायफल साडेपाच किलोपर्यंत असते. कोवळ्या पाठीवर ते वजन एकदम टाकू नका. ‘स्वप्नील कुसाळेसारखं पन्नास मीटर खेळायचंय’ म्हणून हट्ट धरणारी मुलं पॅरिसनंतर खूप येतात, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या मुलाने ऑलिंपिक पदक आणलं याचा मला अभिमान वाटतो. पण तिथवर जाणारा रस्ता अनेक वर्षांच्या सरावाचा आहे.

मध्ये भूक लागते. डबा आणू का?

आणा, पण फायरिंग पॉइंटवर उघडू नका. पेलेट शिशाचं असतं, पॉइंट टू टूच्या धुरातही शिसं असतं. दोन तासांनी बोटांची टोकं बघा: अंगठा आणि तर्जनीवर पेन्सिलीसारखी राखाडी चमक येते. त्याच हातांनी संत्रं सोललं, की फोडीवर ती बोटं उमटतात. मी मुलांना मुद्दाम दाखवते, पांढऱ्या सालीवर करडे ठसे. मग त्यांना सांगावं लागत नाही. साबण आणि थंड पाण्याने कोपरापर्यंत हात धुवायचे, मगच तर्री-पोहे. पेलेट तोंडात धरायची सवय कोणाला असेल तर ती आजच सोडा.

संक्रांतीला रेंज सुरू असते का?

हॉल सुरू, पन्नास मीटर बंद. त्या दिवशी ‘ओ काट’ झालं की पोरं पतंगीमागे आभाळाकडे बघत पळतात आणि कुंपणाची भिंत त्यांना दिसत नाही. एका वर्षी लक्ष्याच्या मागच्या मातीच्या बांधावर एक सातआठ वर्षांचा मुलगा हातात मांजा गुंडाळत उभा दिसला. तेव्हा कोणीही गोळी भरलेली नव्हती. पुढच्या वर्षीपासून कुलूप.

संध्याकाळी घरी नेल्यावर लगेच पेटीत ठेवू?

लगेच नको. गार रायफल उबदार खोलीत आली की लोखंडावर दव धरतं, चष्म्यावर धरतं तसं. पेटी उघडी ठेवून तासभर थांबा, कोरड्या कापडाने पुसा, नळीच्या बाहेरून तेलाचा हलका हात फिरवा. मग बोल्ट काढून एका कपाटात, रायफल दुसऱ्यात, गोळ्या तिसऱ्यात, आणि तिन्ही किल्ल्या तुमच्याजवळ. किल्ली देव्हाऱ्यात ठेवतो असं बरेच जण सांगतात. ती जागा घरातल्या प्रत्येक लेकराला माहीत असते.